मॉड्यूलचं नाव दरवेळी लिहायचं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एरलँग या प्रोग्रामिंग भाषेत दुसऱ्या मॉड्यूलमधलं (म्हणजे फंक्शनांचा संच असलेल्या दुसऱ्या फाइलमधलं) फंक्शन कसं कॉल करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दर ओळीत ‘लिस्ट्स:मॅप’, ‘लिस्ट्स:फिल्टर’ असं आधी मॉड्यूलचं आणि मग फंक्शनचं नाव लिहीत बसणं हा नुसता पसारा आहे. फाइलच्या वरच एकदा इम्पोर्ट केलं, म्हणजे कुठल्या मॉड्यूलमधली कुठली फंक्शनं नुसत्या नावाने वापरणार ते सांगितलं, की कोड आटोपशीर होतो आणि नावात चूक असली तर कंपायलर (कोड चालवण्याजोगा करून देणारा प्रोग्राम) तिथेच पकडतो. शिवाय, चालू सिस्टिममध्ये कोड बदलण्याचा भाग लिहून मी नवशिक्यांना घाबरवते, कारण आजकाल सगळे थेट कंटेनरच (प्रोग्राम ज्यात बांधून चालवतात ते पॅकेज) बदलतात.

चूक पकडली जाण्याचा मुद्दा आधी घेते, कारण त्यावर विसंबून कोणी काम केलं तर फसेल. हॅस्केल या भाषेत तुम्ही म्हणता तसं होतं : मॉड्यूलमध्ये नसलेलं नाव इम्पोर्ट केलं की कंपायलर पुढे जात नाही. एरलँगमध्ये तसं नाही. इम्पोर्टच्या यादीत लिस्ट्समधलं अस्तित्वातच नसलेलं फंक्शन लिहून पाहा, फाइल बिनतक्रार कंपाइल होते. ती ओळ प्रत्यक्ष चालायची वेळ येते तेव्हा ‘अनडेफ’, म्हणजे ‘असं फंक्शनच नाही’ ही एरर येते. प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे कंपाइल होतं आणि ज्याला कॉल करायचा ते मॉड्यूल त्या वेळी हजर असलंच पाहिजे अशी अट भाषेने घातलेली नाही. म्हणूनच एरलँगसोबत एक्सरेफ हे साधन येतं. कोणाचा कॉल कुठे जातो आणि कुठला कॉल नसलेल्या फंक्शनकडे जातो, हे ते शोधून देतं. इम्पोर्ट करा किंवा करू नका, एक्सरेफ चालवावंच लागतं.

इम्पोर्ट केलेला कॉल आणि मॉड्यूलचं नाव लावलेला कॉल कंपायलरच्या लेखी एकच, हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. तिथे फरक पडतो तो फक्त वाचणाऱ्याला. आता मॅपच घ्या. लिस्ट्स मॉड्यूलमध्ये दोन आर्ग्युमेंटचं (फंक्शनला द्यायच्या मूल्यांचं) मॅप आहे आणि मॅप्समध्येही दोन आर्ग्युमेंटचंच मॅप आहे. पण पहिल्याला दिलेल्या फंक्शनला एकेक घटक मिळतो, तर दुसऱ्याला दिलेल्या फंक्शनला ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ अशी दोन आर्ग्युमेंट मिळतात. एरलँगमध्ये फंक्शनची ओळख नाव आणि आर्ग्युमेंटची संख्या मिळून होते, त्यामुळे ही दोन्ही एकाच फाइलमध्ये इम्पोर्ट करताच येत नाहीत. मग एक इम्पोर्ट केलेलं, दुसरं नाव लावलेलं, असा मिश्र कोड तयार होतो आणि तो वाचायला सगळ्यात वाईट. नवी मुंबईत कोणाला नुसतं ‘सेक्टर 8’ सांगून चालत नाही. वाशीतही सेक्टर 8 आहे, नेरूळमध्येही आणि ऐरोलीतही. एरलँगच्या मॉड्यूलना तर एकात एक घरटीही नाहीत, सगळी एकाच सपाट यादीत असतात. म्हणून मॉड्यूलचं नाव हाच पूर्ण पत्ता.

आता ज्या भागावर तुमचा सर्वांत जास्त राग आहे तो, चालू सिस्टिममध्ये कोड बदलण्याचा. 1986 च्या सुमारास एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हिर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ही भाषा घडवायला घेतली ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी. चालू फोनकॉल न तोडता कोड बदलता यावा, ही गरज तिच्या रक्तातच आहे. एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत राहू शकतात, चालू आणि जुनी. प्रोसेसने (एरलँगमध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाने) स्वतःचंच ‘लूप’, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारं फंक्शन, नुसत्या नावाने कॉल केलं तर ती ज्या आवृत्तीत आहे तिथेच फिरत राहते. मॉड्यूलचं नाव लावून कॉल केलं तर पुढच्या फेरीला नव्या आवृत्तीत जाते. इथे मॉड्यूलचं नाव शोभेसाठी नाही, त्याने प्रोग्रामचं वागणं बदलतं.

कंटेनर बदलणाऱ्यांना याचं काय? ग्राहकांसाठी चालू असलेल्या सिस्टिममध्ये अनेक जण रीस्टार्टच करतात आणि त्यात काही गैर नाही. पण जेन_सर्व्हर, म्हणजे सर्व्हर लिहिण्याचा एरलँगचा तयार साचा, तुम्हीही वापरता. त्याचं लूप ओटीपीच्या (एरलँगसोबत येणाऱ्या लायब्ररींच्या) मॉड्यूलमध्ये असतं आणि तुमचे कॉलबॅक, म्हणजे त्या साच्यात तुम्ही भरलेली फंक्शनं, ते तुमच्या मॉड्यूलच्या नावानेच कॉल करतं. म्हणूनच शेलमध्ये (एरलँगला थेट आज्ञा टाइप करून देतो तिथे) मॉड्यूल पुन्हा कंपाइल केलं की सर्व्हर न थांबवता नवा कोड चालू लागतो. ही सोय तुम्ही रोज घेता.

शिवाय नवशिक्यांना हे कळायला अशा खऱ्या सिस्टिमपर्यंत जावंच लागत नाही. ठाण्यात आमच्याकडे शनिवारी जी मुलं-मुली शिकायला येतात, त्यांची पहिली अडचण हीच असते : स्वतः लिहिलेली लूपची प्रोसेस अचानक नाहीशी होते, एररचा मागमूस नाही. झालेलं असतं एवढंच की शेलमध्ये मॉड्यूल दोनदा कंपाइल केलं. पहिल्यांदा प्रोसेस जुन्या आवृत्तीत अडकली, दुसऱ्यांदा ती जुनी आवृत्ती साफ करताना तिच्यात अडकलेली प्रोसेस मारली गेली. हे आधी माहीत नसेल तर मुलं आपल्या लॉजिकमध्ये दोष शोधत बसतात. त्यांना घाबरवू नये हे मलाही मनापासून वाटतं, म्हणूनच मी ते लपवत नाही.

टेस्टच्या फाइलमध्ये तीच दोन-तीन मदतनीस फंक्शनं सतत लागतात, तिथे इम्पोर्ट केलं तर माझी हरकत नाही. लायब्ररी आणि सर्व्हरच्या कोडमध्ये मात्र मी मॉड्यूलचं नाव मागतच राहणार.

प्रोसेस मरण्याचा हा प्रयोग मी मूळ लेखात जोडते आहे. लूपच्या कॉलला आधी मॉड्यूलचं नाव न लावता चालवा आणि दोनदा कंपाइल करा. मग नाव लावून तेच करा, फक्त दर कंपाइलनंतर प्रोसेसला एखादा मेसेज पाठवा म्हणजे लूपची फेरी पुढे सरकेल. दोन्ही वेळा प्रोसेस जिवंत आहे का ते तपासा आणि काय दिसलं ते इथे नक्की लिहा.