मुळशीच्या व्ह्यू पॉइंटवरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

मुळशीच्या कृषी पर्यटन केंद्रातला व्ह्यू पॉइंट पाहून आपण आमच्या ऑफिसला एक स्टार दिलात. नुसते दगड रचलेत, सिमेंट नाही, भिंतीतून पाणी गळतं, काचेची गॅलरी नाही, लांबून काही बांधलंय हेच कळत नाही, मग आर्किटेक्टने पैसे कशाचे घेतले, असं आपण विचारलंत. प्रश्न सगळ्यांसमोर आला आहे, तर उत्तरही इथेच देतो.

भिंतीतलं पाणी आम्ही मुद्दाम वाट ठेवल्यामुळे येतं. घाटमाथ्यावरचा पाऊस पुण्यात बसून कळत नाही. पाणी मुरमात मुरतं आणि उताराने खाली सरकतं. वाटेत सिमेंटने गच्च बंद केलेली भिंत आली की ते मागे साचतं, माती फुगते आणि भिंत पोट काढते. कोरड्या रचाईत ते फटींतून निघून जातं. ही रचाई सोपी मात्र नाही. दगडाची लांबी आत आणि तोंड बाहेर, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि अख्खी भिंत डोंगराकडे किंचित कललेली हवी. पायवाट करताना जो काळा दगड निघाला तोच वडार कारागिरांनी छिन्नीने घडवून लावला. म्हणून ती लांबून दिसत नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं. राजगडाच्या संजीवनी माचीचा तट एकदा बघा. डोंगराची सोंड वळते तसा तो वळत जातो. आम्ही शिकलो ते तिथून.

काचेची गॅलरी कड्याबाहेर काढायची तर कड्याच्या तोंडाशीच ब्रेकर लावून खोल पाया घ्यावा लागतो. सह्याद्रीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडा मऊ थर असतो. अशा कड्याला हादरे द्यायला मी तयार नाही. २०१४ च्या जुलैत अतिवृष्टीत माळीणवर डोंगर आला. पुणे जिल्ह्यात उतारावर काम करणाऱ्याने ते विसरून कसं चालेल? शिवाय उतारावरची कारवी तोडावी लागली असती. माती तीच धरून ठेवते. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. फुलण्याआधीच उपटली, तर पुढच्या पिढीचं बीच पडत नाही.

फी घेतली ती या सगळ्यासाठी: भर पावसात जागा फिरून पाण्याच्या वाटा बघायच्या, त्या नकाशावर उतरवायच्या आणि मगच पहिली रेघ मारायची.

सावली नाही, असंही आपण म्हणता. कड्यावर वारा छप्पर टिकू देत नाही, म्हणून बसायची जागा मागे जांभळाखाली केली आहे. आपल्या आईंना पायऱ्या जड गेल्या, हे वाचून वाईट वाटलं. पार्किंगच्या डाव्या हाताने पायऱ्यांशिवायची उताराची वाट आहे, व्हीलचेअरही जाते. तिथे मोठी पाटी लावायला केंद्रवाल्यांना आजच सांगितलं आहे.