अर्ध्या सेकंदाच्या टाइमआउटबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेख बारकाईने वाचलात आणि स्वतःचा कोडही दिलात, मनापासून आभार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फाउंड्रीत (ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ खेळायचं सॉफ्टवेअर) कोणती स्क्रिप्ट आधी आणि कोणती नंतर चालावी हे ठरवायला सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळाने कोड चालवायची जावास्क्रिप्टची सोय, वापरू नका, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की अर्ध्या सेकंदाचा टाइमआउट तुमच्याकडे वर्षभर बिनतक्रार चालतोय, मी नवख्यांना उगाच घाबरवतोय, आणि अवेटबद्दल (एखादं काम पूर्ण होईपर्यंत थांबायची सूचना) मी लिहिलंय ते चूक आहे.

अवेटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. हुक म्हणजे ठरावीक घटना घडली की चालण्यासाठी नोंदवलेला आपला कोड. त्याचं फंक्शन एसिंक (अवेट वापरू शकणारं) केलं की पुढचा हुक त्याच्यासाठी थांबतो, असं मी लिहिलं होतं. तो थांबत नाही. फाउंड्री हुक नोंदणीच्या क्रमाने एकामागून एक चालवते, पण कुणाच्याही प्रॉमिसची, म्हणजे अजून पूर्ण व्हायच्या कामाची, वाट पाहत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

टाइमआउटबद्दल मात्र मी ठाम आहे. तुमचंच उदाहरण घेऊ. राक्षसाचे हिट पॉइंट (उरलेला जीव) 40, आगीचा घाव 23. एक स्क्रिप्ट कवचाचे 5 वजा करते, दुसरी रेझिस्टन्समुळे, म्हणजे राक्षसाच्या आग सोसायच्या क्षमतेमुळे, घाव निम्मा करते. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमाने वजाबाकी आधी आणि निम्मं नंतर : 23 चे 18, 18 चे 9, उरले 31. क्रम उलटला तर 11 (अपूर्णांक सोडून), मग 6, आणि उरतात 34. इथपर्यंत आपलं एकमत आहे.

तुमच्या कोडमध्ये कवचाची स्क्रिप्ट प्रीअपडेटअ‍ॅक्टर हुकवर (पात्राची माहिती बदलायच्या जरा आधी) चालते आणि राक्षस 22 वर येतो. अर्ध्या सेकंदाने दुसरी स्क्रिप्ट आधीच मोजून ठेवलेला 31 हा आकडा लिहून टाकते. आता त्याच अर्ध्या सेकंदात दुसऱ्या खेळाडूचा 6 चा बाण लागला असं धरा. 22 चे 16 झाले, आणि लगेच टाइमआउटने 31 लिहिले. बाण पुसला गेला. कन्सोलमध्ये एररही येत नाही, म्हणूनच हे वर्षभर लक्षात येत नाही. आमच्या टेबलावर हे घडलंय. नाशिकचा मित्र चॅट वर सरकवून आपला रोल पुन्हा पुन्हा दाखवत होता, आणि राक्षसाच्या पट्टीवर त्या रोलचा मागमूस नव्हता. त्याचा त्या रात्रीचा सगळ्यात चांगला नेम होता तो. मला अजून वाईट वाटतं.

दोन्ही स्क्रिप्ट तुमच्याच आहेत, मग त्यांना वेगळं ठेवूच नका. प्रीअपडेटअ‍ॅक्टरवर एकच फंक्शन लावा, त्यात पहिल्या ओळीत वजाबाकी आणि दुसऱ्या ओळीत निम्मं. बदल सर्व्हरकडे जायच्या आधीच आकडा 31 झालेला असेल. फाइली वेगळ्याच हव्या असतील तर कवचाचा हुक इनिटमध्ये नोंदवा आणि रेझिस्टन्सचा सेटअपमध्ये; हे फाउंड्री सुरू होतानाचे दोन टप्पे आहेत. इनिट नेहमी आधी येतं. पण दुसऱ्याचं मॉड्यूल (फाउंड्रीत जोडायचा जास्तीचा कोड) मध्ये आलं आणि दोघांना एकाच मूळ फंक्शनवर काम करायचं असेल, तर लिबरॅपर हे मॉड्यूल घ्या; एकाच फंक्शनवरचे अनेकांचे बदल ते क्रमाने लावतं. त्यात रॅपर, मिक्स्ड आणि ओव्हरराइड अशा बदलांच्या प्रकारांचा क्रम ठरलेला आहे, आणि कुणाला प्राधान्य द्यायचं ते गेम मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) सेटिंगमधून बदलता येतं.

तुमच्या जगात सध्या काय क्रम लागलाय ते पाहायचं असेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हुक्स डॉट इव्हेंट्स उघडा आणि त्यात प्रीअपडेटअ‍ॅक्टरखालची यादी पाहा. तुमच्या दोन स्क्रिप्टांखेरीज तिथे तिसरं कुणी दिसलं तर जरूर कळवा, त्याच्यासकट कोड पुन्हा तपासून देतो.