काका, बांडगूळ ही शिवी आहे ती आपल्याकडे

काका नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, सॉरी, पण कमेंट खरमरीत होती आणि त्यातला एक मुद्दा चक्क बरोबर निघाला, म्हणून जरा बघून लिहायचं होतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. परजीवींवरच्या लेखावर परभणीच्या या काकांचं म्हणणं असं की मी अमरवेल आणि बांडगूळ एकाच माळेत ओवले, कोकिळा कुणाचं रक्त पीत नाही तरी तिला परजीवी म्हणालो, आणि असल्या फुकट्यांचं कौतुक पुण्यात बसून करणं सोपं असतं, त्याचा उपयोग काय, एकदा शेतात येऊन बघा.

पहिलं मान्य, चूक माझीच. बांडगुळाला हिरवी पानं असतात, स्वतःचं अन्न ते बऱ्यापैकी स्वतः करतं, आंब्याकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. अमरवेल जवळपास सगळंच ओढते. म्हणून बांडगूळ बिचारं साधं आहे असं नाही हां, वाढलं की पुढची फांदी वाळते, बागेत दिसलं तर कापायलाच हवं.

कोकिळेचं मात्र नाही पटलं. परजीवी ठरवताना काय चोरलं ते नाही बघत, कुणाला तोटा होऊन कुणाचा फायदा झाला ते बघतात. कावळ्यांच्या जोडीने दिवसभर खेपा घालून भरवलं ते परक्याचं पोर, मग मेहनतीची चोरी झालीच की. (आणि कुहू कुहू ओरडतो तो नर, पण ते असो.)

आता कौतुकाचं. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या ड्युरांटाच्या कुंपणावर दोन वर्षांपूर्वी अमरवेल आली, कुणीतरी वरून पिवळ्या शेवया ओतल्यासारखी. एक दोरा बोटाने सोडवायला गेलो तर सुटेना, जवळून बघितलं तर विळख्याच्या आतल्या बाजूला ओळीने बारीक गाठी आणि प्रत्येक गाठ फांदीत घुसलेली. माळीदादांनी ओढून काढली, पंधरा दिवसांत परत हजर, शेवटी तेवढं कुंपणच छाटून जाळलं. तेव्हा माझं काही प्रेमबिम नाही तिच्यावर. पण हिच्याच एका अमेरिकन जातभाईचं कोवळं रोप टोमॅटोच्या नुसत्या वासाकडे वळत वाढतं हे २००६ मध्ये तिकडच्या पेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी प्रयोग करून दाखवलं, ना डोळे ना नाक आणि थोड्या दिवसांत झाड सापडलं नाही तर मरण, हे वाचून भारी वाटलं तर वाटू दे ना.

आणि शेताचं म्हणाल तर तुमच्याच ज्वारीतला टारफुला घ्या, पिकाच्या मुळांना चिकटून जगणारं परजीवी तण. त्याचं बी धुळीएवढं, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि पिकाच्या मुळातून एक विशिष्ट रसायन पाझरलं तरच रुजतं. ते रसायन पहिल्यांदा १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांतून वेगळं केलं, गंमत म्हणजे कपाशीवर टारफुला जगतच नाही, रुजतो आणि मरतो. मग पीक स्वतःच्या वैऱ्याला उठवणारं रसायन सोडतंच कशाला? याचं उत्तर मिळायला २००५ उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवलं की हा निरोप असतो मायकोरायझा बुरशीला, म्हणजे मुळांशी भागीदारीत राहणाऱ्या बुरशीला, ये बाई, स्फुरद (फॉस्फरस) आणून दे. जमिनीत स्फुरद कमी असलं की पीक जास्त हाका मारतं, आणि त्या हाका टारफुलाही ऐकत बसलेला असतो. हलक्या रानात तो जास्त माजतो त्यामागचं हे एक कारण. आणि पिकाला गप्पही बसता येत नाही, कारण बुरशी तर हवीय! मला या सगळ्या विषयात हे सगळ्यात जबरदस्त वाटतं, लेखात दोनच ओळी दिल्या ही खरी चूक.

उपयोग काय विचारलंत ना. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी तयार केली, २००९ चा वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळाला. त्यातल्या काही ज्वारींची युक्ती पुढे कळली, त्यांच्या मुळातून येणारी हाक थोड्या वेगळ्या प्रकारची असते आणि टारफुल्याचं बी त्यावर फारसं उठत नाही. नुसतं ‘फुकटा मेला’ म्हणून उपटत बसलो असतो तर हे कुठून कळलं असतं?

बांडगुळाची ओळ मूळ लेखात दुरुस्त केलीये, खाली तुमचा उल्लेखही टाकलाय. आता मला एक सांगा, आदल्या वर्षी कपाशी होती त्या तुकड्यात ज्वारी घेतली की टारफुला खरंच कमी दिसतो का तुमच्याकडे?