गोंडस फोटो पुरे, आता खरं काय ते लिहा

ठाण्यातल्या एका छोट्या ॲनिमल शेल्टरची वेबसाईट सध्या करून देतोय. फुकटात, शनिवार-रविवारी. त्यानिमित्ताने प्राणी दत्तक देणाऱ्या बऱ्याच साईट्स चाळल्या आणि एक मत पक्कं झालं. यातल्या बहुतेक साईट्स माणसाला पाघळवण्यासाठी बनवलेल्या असतात. त्याचा निर्णय नीट व्हावा म्हणून कोणी काही केलेलं नसतं.

मोठ्ठे डोळे, खाली "मला घर द्याल का?" पिल्लू लगेच जातं. मग काही दिवसांनी त्याच घरातून फोन: "फार भुंकतो हो हा, सोसायटीवाले ऐकत नाहीत." की कुत्रं परत पिंजऱ्यात.

म्हणून माझ्या साईटवर "प्रेमळ आणि खेळकर" लिहायला बंदी आहे. स्थळाच्या बायोडेटात "गृहकृत्यदक्ष" लिहितात, त्यातलाच प्रकार. एका काळ्या कुत्रीचं पान मी तिला रोज जेवण घालणाऱ्या मावशींना विचारून लिहिलं: "लिफ्टला घाबरते, जिन्याने येते. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. मांजर दिसलं की आवरत नाही. दुपारभर एकटी राहते, त्यापुढे चपला शोधते. अनोळखी माणसावर आधी गुरगुरते, मग वास घेते."

मावशी म्हणाल्या, "असं लिहिलंत तर कोण नेणार तिला, दादा?"

तळमजल्यावरचं, मांजर नसलेलं घर नेईल, मावशी. नौपाड्यात, चरईत अजून आहेत तशी घरं. घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावरच्या माणसाला मात्र हे आधीच कळलेलं बरं.

फिल्टरचंही तेच. सगळीकडे पहिला फिल्टर "ब्रीड". अहो, शेल्टरमधले जवळपास सगळे देशी, त्यात काय निवडणार? घरात लहान मूल आहे का, आधीचं मांजर आहे का, दिवसभर घर बंद असतं का, खिडक्यांना जाळी आहे का (मांजर नेणाऱ्यांनो, ही जाळी आधी), घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, हे विचारा. सोसायटीने नियम दाखवलाच, तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना साईटवर ठेवल्यात. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही.

फोटो फोनमधून निघाले तसे चढवायचे नाहीत. ट्रान्स-हार्बर लोकलला ऐरोली-रबाळेच्या मध्ये एका हाताने दांडी धरून उभा असलेला माणूस पाच-पाच एमबीचे फोटो उघडायची वाट बघत नाही. दीडशे-दोनशे केबी पुष्कळ झाले. फ्लॅश मारू नका, डोळे हिरवे येतात. आणि शेजारी माणूस उभा करा, म्हणजे कुत्र्याची उंची कळते.

फॉर्ममध्ये सुरुवातीला फक्त नाव, फोन, एरिया आणि घरात कोण कोण. बाकीचं घर बघायला जाल तेव्हा विचारा. आधार कार्डाचा फोटो साईटवर मागायचाच नाही. तो ठेवणार कुठे आणि सांभाळणार कोण?

आणखी एक दार वेगळं काढलंय. शेल्टरला येणारे सगळे मेसेज दत्तकाचे नसतात. "आमच्या गल्लीतला कुत्रा घेऊन जा" हेही त्यातच येतं. २०२३ च्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेला रस्त्यावरचा कुत्रा त्याच भागात परत सोडायचा असतो. (शाळा, इस्पितळं, स्टेशनं यांच्या आवारासाठी सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश वेगळा आहे.) हे चार ओळींत होमपेजवर लिहिलं की व्हॉलंटिअरचे निम्मे वाद तिथेच मिटावेत, अशी आशा.

आता खरं भांडण. मेनूमध्ये मी एक बटण ठेवलंय: "सांभाळणं जमत नाहीये? आम्हाला कळवा." ट्रस्टींना ते नकोय. चुकीचा संदेश जातो म्हणे, लोक कुत्रं घेण्याआधीच परतीचा रस्ता बघतील. मला नाही पटत. ज्याला सोडायचंच आहे तो बटण नसलं म्हणून थांबत नाही, रात्री गाडी काढून येऊरच्या रस्त्यावर सोडून येतो. वर जंगलात बिबटे आहेत, हे त्यालाही माहीत असतं. त्यापेक्षा फोन केलेला परवडला. कधी कधी तर नुसतं "भुंकतो कधी, एकटा असताना की बेल वाजल्यावर?" एवढं विचारलं तरी मार्ग निघतो.

बटण अजून काढलेलं नाही. रविवारी मीटिंग आहे. तुमच्यापैकी कोणी शेल्टरमध्ये काम केलं असेल, तर त्याआधी तुमचं मत कळवा, माझ्या विरोधात असलं तरी चालेल.