पेरूला पेरू म्हणू द्या ना!

दर वेळी तेच. नाशिकला आमच्या वाइन टेस्टिंगला कोणीतरी नवीन येतं, कोपऱ्यातली खुर्ची पकडतं, ग्लास हातात धरून गप्प बसतं, आणि अर्ध्या तासाने कसाबसा धीर करून म्हणतं की मला यात पेरूचा वास येतोय, की लगेच आमच्यातली जुनी मंडळी फिदीफिदी हसतात! परवा एका मुलीचं असंच झालं, तोंड एवढंसं झालं तिचं, नंतर शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. अरे पण ती बरोबर होती! ग्लासात सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन होती, तिच्यात थायॉल नावाची गंधकयुक्त संयुगं असतात, त्यांच्यामुळेच पेरूसारखा, पॅशनफ्रूटसारखा वास येतो. मग याच वासाला कोणी गूजबेरी, म्हणजे ते युरोपातलं आंबट फळ, म्हटलं की माना डोलवायच्या आणि पेरू म्हटलं की हसायचं, हे काय? गूजबेरी आपल्यापैकी किती जणांनी खाल्लीय?

टॅनिनचंही तसंच. कोणी विचारलं टॅनिन म्हणजे काय हो, तर सरळ सांगा ना, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, कडक उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ कशी कोरडी पडते, तेच ते. अर्धं मिनिट लागतं! त्याऐवजी फ्रेंच नावांचा भडिमार.

मी आता नवीन माणसाला शेजारी बसवते आणि सगळ्यांच्या आधी त्यालाच विचारते, तुला काय वाटलं? जांभूळ, मिरी, ओली माती, काहीही चालेल. आणि कोणी हसलं तर तिथल्या तिथे सुनावणारे, वयबिय न बघता.