पाण्याच्या तांब्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात तो मजकूर मला तीन ठिकाणांहून आला. आतेभावाकडून, शाळेच्या गटातून आणि चक्क आमच्या दूधवाल्याकडून. सार असं: मोबाईलमधले पाचशे मित्र आजारपणात तांब्याभर पाणी देत नाहीत. डोळे जातात तेही मोबाईलनंच. डोळ्याला काही झालं तर मोबाईल कपाटात टाका, गुलाबपाणी घाला, गाजर खा. आणि न पाहिलेल्या माणसांना दुखणं सांगत बसू नका, फसाल. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी टायफॉइडनं 21 दिवस अंथरुणावर काढून मी उठते न उठते तोच माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा, म्हणजे आतल्या बाजूचा रेटिना, जागेवरून सुटला होता. त्यामुळे या विषयात मला थोडं बोलता येतं.

तांब्याचं आधी मान्य करून टाकते. पाणी शेजारच्या काकूंनीच दिलं. ताप उतरल्यावर तोंडाला पहिल्यांदा चव आली तीही त्यांच्या हातच्या अळणीनं, म्हणजे मटणाच्या बिनतिखटाच्या रश्श्यानं. मोबाईलमधलं कुणी अळणी पाठवू शकत नाही. पण मजकूर लिहिणाऱ्यानं आजारपण म्हणजे नुसती तहान धरलीय. डोळ्यापुढं विजा चमकायला लागल्या तेव्हा काकूंना, आईला आणि मलाही तो अशक्तपणाच वाटला. एवढ्या तापानंतर काजवे चमकणारच, असं आम्ही तिघींनी ठरवून टाकलं.

आमचा शब्दकोड्यांचा एक गट आहे. अकरा जण, एकमेकांना कधी न भेटलेले. रात्री मी तिथं सहज लिहिलं, आज कोडं नको, डोळ्यात काळे ठिपके नाचतायत आणि खालून, नाकाच्या बाजूनं सावली चढल्यासारखी वाटतेय. दोन मिनिटांत नागपूरच्या ताईंचा फोन. त्यांच्या यजमानांना हेच झालं होतं.

“चष्म्याचा नंबर किती गं तुझा?”

“उणे 9.”

“सावली सकाळपेक्षा वाढलीय?”

“वाढलीय.”

“मग उद्या उजाडताच रेटिनाचा डॉक्टर. चष्म्याच्या दुकानात जाऊ नकोस.”

सकाळी सातला त्यांचा परत फोन, निघालीस का म्हणून. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, आत पाहिलं आणि म्हणाले, पडद्याचा मधला भाग अजून चिकटलेला आहे, वेळेत आलात. आपण बारीक अक्षर वाचतो ते या मधल्या भागानं. मागच्या थरापासून सुटला की त्याचं पोषण तुटतं, आणि तो सुटल्यावर उशीर केला तर ऑपरेशन चांगलं होऊनही नजर पूर्वीसारखी येत नाही. मी छापखान्यात मुद्रितशोधन करते. बारीक अक्षर हीच माझी भाकरी.

आता मोबाईलनं डोळे जातात, हा मुद्दा. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो. वयानुसार तो आकसतो, आकसताना पडद्याला ओढतो, कधी पडदा फाटतो आणि त्या फटीतून पाणी मागं शिरून पडदा उचलला जातो. मोठा उणे नंबर, डोळ्याला मार, आधी झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, घरात कुणाला झालेलं असणं, यांनी धोका वाढतो. मोबाईलचा उजेड या यादीत नाही. मला चष्मा लागला तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एक फोन होता, तोही तारेचा. हां, तासन् तास स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, हे खरं. पोरं सतत जवळचं पाहत राहिली आणि उन्हात खेळलीच नाहीत तर त्यांचा नंबर वाढायला मदत होते, हेही खरं. तेवढं लिहिलं असतं तर मीच पुढं पाठवलं असतं.

मोबाईल कपाटात टाका म्हणणाऱ्याला मात्र मी माझ्या पलंगाजवळ नेऊन दाखवेन. ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो वर तरंगतो, म्हणून पडदा दाबून धरायला मान खाली घालून राहायचं. जेवताना, बसताना, झोपतानाही पालथं. उशीवर कपाळ टेकवलेलं, समोर फरशीचा एक चौकोन आणि त्यावरची भेग. दिवसभर तेवढंच. वाचायचं नाही, टीव्ही नाही. मोबाईल कानाशी होता म्हणून मी वेडी झाले नाही. गटातले एक दादा जन्मापासून दृष्टिहीन आहेत. त्यांनी फोनवरून मला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी मोबाईलमधली सोय, शिकवलं: एकदा बोट टेकवलं की वाचून दाखवतं, दोनदा टेकवलं की उघडतं. बाकीचे जण कोड्यांची शोधसूत्रं बोलून पाठवायचे. पाच अक्षरी आडवा शब्द मनातल्या मनात मांडताना मान दुखायची विसरते, हा माझा अनुभव.

त्यातच नोव्हेंबरचा किरणोत्सव आला. मावळतीची किरणं देवळातला एकेक टप्पा ओलांडत अंबाबाईच्या मूर्तीकडे जातात, तो. मी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात पालथी, अंबाबाई हाकेच्या अंतरावर, आणि थेट प्रक्षेपण पाहून सांगतायत कोण तर नागपूरच्या ताई. “कुठलासा चौक आला बघ.” मी उशीत तोंड खुपसून, “गणपती चौक असेल. आता कासव चौक, मग पितळी उंबरा.” “चांदीचा उंबरा ओलांडला.” आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं तिथूनच हात जोडले.

पुढं बुडबुडा विरायला लागला की डोळ्यात पाण्याची रेघ दिसते. रेघेच्या वर स्वच्छ, खाली गढूळ, आणि मान हलली की रेघ हिंदकळते. रोज ती थोडी खाली उतरते. आम्ही कोल्हापूरकर. 2019 चा महापूर पाहिलेले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती, हे एकमेकांना पाठवायची सवय. मी गटावर रोज टाकायचे, ‘आज 43 फूट, धोका पातळी.’ मग ‘39 फूट, इशारा पातळी.’ पुण्याच्या एकानं तर वहीत तक्ता केला होता. रेघेचा शेवटी मोहरीएवढा ठिपका झाला आणि एका सकाळी तोही दिसेना, तेव्हा गटावर ‘पूर ओसरला’ एवढंच लिहिलं.

गुलाबपाण्यावर फार शब्द घालवत नाही. बाहेरून घातलेलं गुलाबपाणी पडद्यापर्यंत पोचतच नाही आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात जंतू मात्र नेऊ शकतं. गाजर अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणावर कामाचं. फाटलेलं ते शिवत नाही. कोशिंबीर म्हणून जरूर खा.

राहिलं फसवणुकीचं. फसवणारे आहेतच. ऑपरेशनशिवाय पडदा चिकटवणारे थेंब विकणाऱ्या एकाचा नंबर मलाही आला होता, साडेचार हजार रुपयांना एक बाटली. तो पाठवला होता आतेभावानं, प्रेमानंच. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंब घालशील तर बघ’ असा दम भरला तो न पाहिलेल्या माणसांनी. त्यांनी दोन वर्षांत माझ्याकडे एक रुपया मागितलेला नाही. सोडवलेल्या कोड्यांचे फोटो तेवढे मागतात.

अशा ऑपरेशननंतर त्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो. माझाही आलाय, पुढच्या मंगळवारची तारीख मिळालीय. काकूंना सांगून झालं, गटावरही टाकलं. ताईंनी विचारलं, “या वेळी पण पालथं झोपायचंय का?” नाही म्हटलं. “मग कोडी तुझी तूच वाच,” म्हणाल्या.