‘कोकणात ऊन बाधत नाही’ या संदेशाला उत्तर

उन्हाळा लागला की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे: इथे पारा चाळिशी ओलांडत नाही, म्हणून उष्माघाताची भीती नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) हा उंदरांचा रोग आहे, हवामानाचा नाही, हवामान आराखड्यांवरचा पैसा दवाखान्यांना द्यावा, आणि अशा धोरणांनी जीव वाचतात हे कोणी मोजून दाखवलेले नाही.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. घाम वाळतो तेव्हा शरीर निवते, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. भारतीय हवामान विभागही उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंशांची, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांची अट लावतो. १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातल्या खारघरला उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी चौदा जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. भर दुपारी आंबे काढणाऱ्या गड्याला हा संदेश निर्धास्त करतो, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून पसरतात, हे खरे आहे. परंतु ते माणसाच्या पायावरच्या जखमेपर्यंत पोहोचतात ते साचलेल्या पाण्यातून आणि लावणीच्या चिखलातून. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणसारखा पूर ओसरल्यावर हाच अवधी हाती असतो, आणि त्यात जोखमीतल्या लोकांपर्यंत वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सीसायक्लीन हे प्रतिजैविक औषध पोहोचवायचे, तर औषधसाठा आणि जबाबदारीची वाटणी पावसाआधीच ठरलेली असावी लागते. आराखडा म्हणतात तो हाच.

दवाखान्यांना पैसा हवाच. पण जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी आरोग्य केंद्रातल्या लसींच्या शीतपेटीला वीज कुठून मिळणार, हा प्रश्न दवाखान्याचा आणि हवामान धोरणाचा एकत्रच आहे.

उरला मोजमापाचा मुद्दा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतले तापमान व दैनंदिन मृत्यू ताडून पाहणाऱ्या अभ्यासाने वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला. या अंदाजातली अनिश्चितता मोठी आहे, आणि तिथली कोरडी उष्णता इथे नसल्याने तो आकडा कोकणाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पद्धत मात्र लावता येते. पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय होते, मृत्यूची ग्रामपंचायतीत, तापाच्या रुग्णांची प्राथमिक आरोग्य केंद्रात. आकडे मागणाऱ्यांनी या तिन्ही नोंदी आठवड्यागणिक शेजारी मांडण्याची मागणी जिल्हा परिषदेकडे करावी. त्या मागणीवर मीही सही करीन.